थेंब कुठून पडतो? – होडीच्या आऊटबोर्ड इंजिनाची गळती ओळखूया



परिसर अभ्यासात आपण वाहतुकीची साधने शिकवतो. बैलगाडी, एसटी, रेल्वे, विमान आणि शेवटी एका ओळीत होडी व जहाज. पण खाडीकाठच्या शाळेत ही एक ओळ पुरत नाही. आमच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरचा चुलाच होडीवर चालतो. ‘बाबांची मशीन गळता, म्हणून आज समुद्रात गेले नाहीत’ असं मूल सहज सांगून जातं. त्या एका वाक्यात विज्ञान आहे, गणित आहे आणि घरखर्चाची काळजीही आहे. म्हणून आजचा पाठ आऊटबोर्ड इंजिनाच्या गळतीवर.

हा लेख वाचून कोणी मेकॅनिक होणार नाही. पण गळणारा पदार्थ कोणता, तो कुठून येतो आणि कधी थांबायचं, एवढं नक्की समजेल. मुलांना ‘निरीक्षण, अंदाज, पडताळणी’ शिकवायला तर याच्यासारखं उदाहरण नाही.

आऊटबोर्ड म्हणजे काय?

मोठ्या ट्रॉलरचं डिझेल इंजिन होडीच्या पोटात असतं. छोट्या होडीचं इंजिन मात्र मागच्या फळीला बाहेरून अडकवलेलं असतं. म्हणून त्याचं नाव आऊटबोर्ड. मालवण, देवबाग, तारकर्लीला पर्यटकांना घेऊन फिरणाऱ्या होड्या पाहिल्या असतील, त्यांच्या मागे हेच यंत्र दिसतं.

त्याचे ढोबळ तीन भाग करा. वर झाकणाखाली इंजिन, मध्ये उभा दांडा आणि खाली पाण्यात गिअर व पंखा. इंधनाची टाकी बहुतेक वेळा वेगळी, होडीत ठेवलेली असते. टाकीपासून इंजिनापर्यंत रबरी नळी जाते. नळीच्या मध्ये हाताने दाबायचा एक रबरी फुगा असतो, त्याला प्रायमर बल्ब म्हणतात. इंजिन सुरू करण्याआधी तो दाबून इंधन वर चढवतात.

मुलांना गोष्ट आवडते, म्हणून एक सांगून ठेवतो. नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेत वाढलेल्या ओले एव्हिनरूड यांनी १९०९ साली आपलं आऊटबोर्ड इंजिन बाजारात आणलं. उन्हाळ्यात तळ्यापलीकडून वल्हवत आइस्क्रीम आणताना ते वितळून गेलं, तिथून ही कल्पना सुचली असं सांगतात. गोष्ट किती खरी ते बाजूला ठेवू, पण वर्ग मात्र कान टवकारतो.

आधी तीन प्रश्न

गळती दिसली की आपला हात लगेच पान्याकडे जातो. दिसेल तो स्क्रू आवळायचा! पण होतं काय, गळती तिथली नसतेच आणि जास्त आवळल्याने आटे मात्र जातात. म्हणून आधी तीन प्रश्न विचारायचे.

१) काय गळतंय?
२) कुठून गळतंय?
३) कधी गळतंय? चालू असताना, बंद ठेवल्यावर, की इंजिन वर उचलल्यावर?

या तिन्हीची उत्तरं मिळाली की अर्धं काम झालं.

पहिला प्रश्न : काय गळतंय?

पांढरा कागद किंवा जुना पांढरा कपडा खाली ठेवावा आणि डाग बघावा. हे काम मोठ्यांनीच करायचं.

• पेट्रोल : वास उग्र. डाग थोड्या वेळात उडून जातो, मागे जवळजवळ काही राहत नाही.
• ऑइल मिसळलेलं पेट्रोल : पेट्रोल उडून जातं, पण तेलकट डाग राहतो.
• इंजिन ऑइल : बोटाला बुळबुळीत. नवीन असेल तर सोनेरी, वापरलेलं काळपट.
• गिअर ऑइल : जास्त दाट आणि चिकट. गंधकासारखा वेगळाच वास येतो.
• साधं पाणी : अनेकदा ‘गळती’ म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी असतं. चालू इंजिनातून पाण्याची बारीक धार बाहेर पडते. ती पडलीच पाहिजे. ती बंद झाली तर काळजी करायची.

पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसला तर इंधन किंवा तेल पाण्यात जातंय हे नक्की. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ते तरंगतं. ‘तरंगणे आणि बुडणे’ हा पाठ इथे आपोआप जोडला जातो.

दुसरा प्रश्न : कुठून गळतंय?

इथे आपला खडू कामाला येतो! मेकॅनिक लोकांची एक जुनी युक्ती आहे. इंजिन बंद करून पूर्ण गार होऊ द्यायचं. गळतीची जागा फडक्याने स्वच्छ पुसून कोरडी करायची. मग त्यावर खडूची पूड किंवा टाल्कम पावडर भुरभुरायची आणि थोडा वेळ थांबायचं. जिथून थेंब निघतो तिथे पूड ओली होते आणि ओघळाची रेघ दिसते. थेंब जिथे पडतो ती जागा आणि जिथून निघतो ती जागा वेगळी असते, हे मुलांना यातून छान कळतं. घराच्या स्लॅबची गळती तरी याहून वेगळी कुठे असते?

आता इंधनाचा रस्ता टाकीपासून क्रमाने बघूया.

टाकी : झाकणाचं रबर फाटलेलं, नळी जोडायच्या जागेचं ओरिंग झिजलेलं, लोखंडी टाकी असेल तर तळाला गंज. झाकणावर हवेचा छोटा स्क्रू असतो. इंजिन चालवताना तो उघडा हवा, नाहीतर टाकीत पोकळी तयार होऊन इंधन ओढलं जात नाही.

नळी आणि फुगा : ऊन, खारी हवा आणि पेट्रोल यांनी रबर कडक होतं आणि त्याला बारीक चिरा पडतात. नळी हळूच वाकवून पाहावी, म्हणजे चिरा दिसतात. सध्याच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं असतं. जुन्या प्रकारच्या रबराला ते मानवत नाही. रबर फुगतं किंवा ठिसूळ होतं. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेतं. म्हणून नळी घेताना इंधनासाठीचीच घ्यावी. पाण्याची साधी प्लास्टिक नळी चालत नाही.

फुग्याची परीक्षा : फुग्यावर बाण असतो, तो इंजिनाकडे हवा. इंजिन बंद असताना फुगा कडक होईपर्यंत दाबा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. कडकच राहिला तर रस्ता बहुधा ठीक. हळूहळू मऊ पडला तर इंधन कुठेतरी निसटतंय. कडक होतच नसेल तर टाकीत इंधन आहे का ते आधी बघा, मग जोडांमधून हवा आत शिरते का ते तपासा.

झाकणाखाली : इथे इंधनाचा फिल्टर, इंधन पंप आणि बऱ्याच इंजिनांत कार्बोरेटर असतो. पंपात डायफ्रॅम नावाचा पातळ रबरी पडदा असतो, तो फाटतो. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीचं गास्केट किंवा निचऱ्याचा स्क्रू गळतो. पण सगळ्यात जास्त त्रास देते ती नीडल.

कार्बोरेटरच्या वाटीत एक तरंगणारा फ्लोट असतो. इंधन भरलं की तो वर येतो आणि नीडल वर ढकलून वाट बंद करतो. आपल्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत बॉल कॉक असतो ना, अगदी तेच तत्त्व! जुनं पेट्रोल सुकून चिकट झालं किंवा कचरा अडकला की नीडल पूर्ण बसत नाही. मग टाकी भरून वाहते तसा कार्बोरेटर भरून वाहतो. मुलांना बॉल कॉक दाखवा, कार्बोरेटर निम्मा समजलाच.

तिसरा प्रश्न : कधी गळतंय?

इंजिन वर उचलल्यावरच गळत असेल तर घाबरायचं कारण नाही. कार्बोरेटरच्या वाटीत उरलेलं इंधन तिरकं होऊन बाहेर येतं. त्यावर उपाय सोपा आहे : काठावर येता येता नळी काढून इंजिन तसंच चालू ठेवायचं. वाटीतलं इंधन संपून इंजिन आपोआप बंद पडतं. मगच वर उचलायचं. ही सवय कार्बोरेटरच्या इंजिनासाठी आहे. नव्या फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनाबद्दल कंपनीचं माहितीपुस्तक काय म्हणतं ते बघावं.

दुपारी होडी उन्हात उभी असताना गळत असेल तर टाकी तापून आत दाब वाढलेला असतो. तो दाब इंधनाला नळीतून पुढे ढकलतो आणि नीडलला ते पेलत नाही. म्हणून होडी उभी करताना नळी इंजिनापासून काढून ठेवावी आणि टाकी सावलीत असावी. उष्णतेने द्रव आणि वायू प्रसरण पावतात, हे आपण फळ्यावर लिहितो. ते इथे डोळ्यांनी दिसतं.

फक्त चालू असताना गळत असेल तर संशय पंपाकडे आणि पंपापुढच्या नळ्यांकडे जातो, कारण दाब तेव्हाच तयार होतो.

आता तेलाकडे वळू

टू-स्ट्रोक इंजिन : यात ऑइल पेट्रोलबरोबरच जळतं. बऱ्याच इंजिनांचं प्रमाण ५०:१ असतं, म्हणजे १ लिटर पेट्रोलला २० मिलि ऑइल. धुराची वाट बहुधा पंख्याच्या मधूनच असते. मंद गतीवर सगळं ऑइल जळत नाही आणि पंख्याजवळ काळपट तेल ठिबकतं. थोडं असेल तर ती गळती नव्हेच. फार असेल तर ऑइल जास्त पडतंय का, प्लग खराब आहे का, हे बघावं. ‘थोडं जास्त टाकलं तर इंजिनाला बरं’ हा समज चुकीचा आहे. आणि कमी टाकलं तर इंजिनच जाम होतं.

फोर-स्ट्रोक इंजिन : यात ऑइल वेगळं असतं आणि डिपस्टिकने मोजतात. गळतीच्या नेहमीच्या जागा म्हणजे निचऱ्याचा स्क्रू, ऑइल फिल्टर आणि गास्केट. इंजिन काढून आडवं ठेवताना चुकीच्या कुशीवर ठेवलं तर ऑइल सिलिंडरकडे जातं. कोणती कुशी योग्य ते बहुतेक इंजिनांवर चित्राने दाखवलेलं असतं.

एक उलटी खूणही लक्षात ठेवा. डिपस्टिकवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसलं आणि त्याला पेट्रोलचा वास आला, तर आतल्या आत पेट्रोल ऑइलमध्ये मिसळतंय. बाहेर थेंब दिसत नाही, पण पातळ झालेलं ऑइल इंजिन खराब करतं. अशा वेळी इंजिन न चालवता मेकॅनिकला दाखवावं.

खालचा गिअर : इथलं तेल वेगळं असतं. दोन स्क्रू असतात, एक खाली आणि एक वर. दोन्हीचे वायसर दर वेळी नवे घालावेत. गळतीचं कारण अनेकदा एवढंसं वायसर असतं. तेल नेहमी खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. मग आधी वरचा स्क्रू लावायचा आणि नंतर खालची नळी काढून तिथला स्क्रू. वरून भरलं तर आत हवा अडकते आणि तेल कमी पडतं. का? बाटली पाण्यात उलटी बुडवून मुलांना दाखवा, उत्तर तेच देतील.

जुनं तेल काढल्यावर दुधाळ, चहासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय. जिथून तेल बाहेर जातं तिथून पाणी आत येऊ शकतं. याचं मोठं कारण म्हणजे तंगूस. तुटलेल्या जाळ्याचा किंवा गरीचा तंगूस पंख्यामागे दांड्याला गुंडाळला जातो आणि ऑइल सील कापतो. म्हणून पंखा अधूनमधून काढून मागे बघायला हवं. खाडीत टाकलेलं तुटकं जाळं शेवटी असं आपल्याच इंजिनात येतं, हेही मुलांशी बोलता येईल.

इथे मात्र थांबायचं

पालकांनो, हा भाग नीट वाचा.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती उडून जात नाही, होडीच्या तळाशी साचते. हवेत ती दीड टक्क्याच्या आसपास असली तरी एका ठिणगीने भडका उडू शकतो. म्हणून झाकण उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर इंजिन सुरू करून बघायचं नाही. बॅटरी असेल तर आजूबाजूची वाफ जाईपर्यंत तिला हात लावू नये, कारण तार काढतानाही ठिणगी पडते. इंधनाची नळी काढावी, झाकण उघडं ठेवून वारा लागू द्यावा, विडी-काडी आणि मोबाईल लांब ठेवावा. टाकी होडीतून उतरवून जमिनीवर ठेवूनच भरावी. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी ओतू नये. पेट्रोल पाण्यावर तरंगत आग पसरवतं. कोरड्या पावडरचं अग्निशामक किंवा वाळू वापरावी.

चिरेवर साबण चोळणं, एम-सील लावणं किंवा चिकटपट्टी गुंडाळणं ही दुरुस्ती नव्हे. ती फार तर काठापर्यंत पोहोचण्यापुरती.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. टाकी रिकामी करायला नळीने तोंडाने पेट्रोल ओढायचं काम पुष्कळ घरांत मुलांना सांगितलं जातं, कारण ‘त्याला जमतं’. कृपया सांगू नका. मोठ्यांनीही करू नये. त्यासाठी हातपंप मिळतो. दुसरं म्हणजे पेट्रोल, रॉकेल किंवा ऑइल पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ठेवू नका. तहानलेलं लहान मूल बाटली बघतं, आतलं बघत नाही. चुकून पोटात गेलंच तर उलटी करवू नका. उलटीबरोबर पेट्रोल फुप्फुसात जातं आणि धोका वाढतो. लगेच दवाखान्यात न्या आणि बाटलीही सोबत न्या. इंजिन दुरुस्त होतं, फुप्फुस तितकं सहज होत नाही.

वर्गात घेता येतील असे उपक्रम

पेट्रोल वर्गात आणायचं नाही, थेंबभरही नाही. सगळं सुरक्षित वस्तूंनी होतं.

१) डाग ओळखा : कागदावर पाणी, खोबरेल तेल आणि हात धुवायचं सॅनिटायझर यांचा एकेक थेंब टाका. कोणता डाग आधी जातो, कोणता राहतो? दर पाच मिनिटांनी नोंद. सॅनिटायझर शिक्षकांनीच हाताळावं.

२) गळती शोधा : प्लास्टिकच्या बाटलीला सुईने बारीक भोक पाडा, पाणी भरा, बाहेरून पुसून खडूची पूड लावा. गटागटाने भोक शोधायचं.

३) थेंबांचं गणित : पाण्याचे साधारण २० थेंब म्हणजे १ मिलि. सेकंदाला एक थेंब पडला तर तासाला ३६०० थेंब, म्हणजे १८० मिलि. २४ तासांत ४ लिटर ३२० मिलि! पेट्रोलचा थेंब थोडा लहान असतो, पण अंदाज येतो. आता मुलांना आजचा पेट्रोलचा भाव विचारा आणि गुणाकार करू द्या. घरी जाऊन तेच सांगतील, ‘बाबा, तो थेंब बंद करा.’

४) गुणोत्तर : ५०:१ प्रमाणाने १० लिटर पेट्रोलला किती ऑइल? २०० मिलि. २४ लिटरच्या टाकीला? ४८० मिलि.

५) मुलाखत : गावातल्या एखाद्या इंजिन दुरुस्त करणाऱ्या काकांना शाळेत बोलवा. मुलांनी प्रश्न आधी लिहून काढावेत. हाताने काम करणाऱ्या माणसाला वर्गात खुर्ची मिळाली की त्या मुलांच्या घरच्या कामालाही मान मिळतो.

कधी तपासायचं?

आपल्या राज्यात यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते. होड्या वर ओढलेल्या, इंजिनं घरात. हाच तपासणीचा काळ. ठेवण्याआधी गोड्या पाण्याने इंजिन धुवावं, कार्बोरेटर रिकामा करावा, गिअरचं तेल बदलावं. तेल बंदीच्या आधी काढलं तर पाणी शिरलंय का ते तेव्हाच कळतं आणि सील बदलायला दोन महिने मिळतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देण्याआधी नळी, फुगा आणि वायसर एकदा बघून घ्यावेत. काढलेलं जुनं तेल खाडीत किंवा मातीत ओतू नये. बंद डब्यात साठवून गॅरेजवाल्याकडे द्यावं. ज्या पाण्यातून ताटातली मासळी येते, त्याच पाण्यात तवंग कशाला?

हे सगळं एका तासिकेत शिकवायचं नाही. एक दिवस डाग, एक दिवस बॉल कॉक, एक दिवस थेंबांचं गणित, असं तुकड्यांनी घ्या. खाडी नसलेल्या गावात शेतपंपाचं किंवा फवारणीच्या यंत्राचं इंजिन घ्या; काय, कुठून आणि कधी हे तीन प्रश्न तिथेही चालतात.